वऱ्हाड चढेपर्यंतची गाणी

माझे डोळे गेले आणि घरातल्यांनी मिळून माझी जागा ठरवून टाकली. पडवीत, भिंतीला टेकून एक खुर्ची. तिच्यावरून उठलो की माजघरातून सून विचारायची, "बाबा, काय पाहिजे?" काही नको असायचं. काही पाहिजे असेल तरच माणसानं उठावं असं कुठे लिहून ठेवलंय? मी खळ्यात, म्हणजे पुढल्या अंगणात, जायचो, तुळशीच्या कठड्याला हात लावायचो, परत यायचो, बसायचो, पुन्हा उठायचो. बोटं मांडीवर ताल धरून असायची ती जेवतानासुद्धा थांबायची नाहीत.

काचबिंदू होता. दवाखान्यात उशिरा गेलो तो माझ्या हट्टामुळे. हे मी इथे लिहितो, पण घरात कोणी बोलून दाखवलं तर अजून ऐकून घेत नाही.

चाळीस वर्षं मी लाउडस्पीकर लावला. रत्नागिरीच्या आसपास दहा-बारा वाड्यांत लग्न असो, सत्यनारायण असो, गणपती असोत, कर्णा माझा. आधी तबकड्या, मग कॅसेटी. माझं शिक्षण चौथी, पण कुठल्या वेळेला काय वाजवायचं हे सांगायला कोणा शिकलेल्यानं माझ्याकडे यायची गरज नव्हती. हळदीला काय, पंगतीला काय, नवरी निघताना काय, सगळं डोक्यात. ज्या घरी सुतक असेल त्या बाजूला कर्ण्याचं तोंड करायचं नाही, हेही मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आमच्याकडची सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लग्नघरचा कर्णा सकाळी एकदा लागला की नवरी बाहेर पडेपर्यंत गप्प राहत नाही. मंगलाष्टकांपुरता थांबतो तेवढाच. वाड्या लांब लांब, मध्ये कातळ, आमराया, व्हाळ म्हणजे ओढे. एकमेकांचं दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. कर्णा मध्येच बंद पडला की पलीकडच्या वाडीतली माणसं हातातलं काम टाकून उभी राहतात. काय झालं? कोण गेलं? मानापानावरून जुंपली काय? माझ्या तरुणपणी एका लग्नात नवरीची आजी मांडवात बसल्या बसल्या गेली. मी सुई उचलली. अर्ध्या तासात तीन वाड्यांची माणसं न बोलावता येऊन उभी. कोणी निरोप्या पाठवला नव्हता, कर्णा थांबला हाच निरोप.

तर धंदा मुलगा चालवायला लागला. वाईट चालवत होता असं नाही. पण गाणी कशीही लावायचा. वारा आमच्या बाजूचा असला की मला पडवीत ऐकू यायचं. पंगत बसलेली असायची आणि हा नाचाचं गाणं लावायचा. माणसांनी भात कालवायचा की खांदे उडवायचे? मी खुर्चीतून उठायचो आणि जायला कुठे नसायचं म्हणून उभाच राहायचो.

दोन हजार सालानंतर दोन-चार वर्षांत त्यानं कोणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर घरी आणला. म्हणाला, "आता कॅसेटी गेल्या, बाबा. ह्यात हजार गाणी राहतात. यादी करून ठेवायची. एकदा लावली की एकामागून एक आपोआप."

"आपोआप काय नसतं," मी म्हटलं. "यादी कोण करणार?"

"मी."

"तू पंगतीला नाचाचं लावणार."

तो उठला. चप्पल घालून बाहेर गेला ते ऐकू आलं.

शहरात एका बँकेत टेलिफोनवर बसणारा एक माणूस माझ्या ओळखीचा होता, जन्मापासून आंधळा. त्यांच्या पूजेला मी वर्षानुवर्षं स्पीकर लावलेला. त्याच्याकडून कळलं की पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम निघालाय, आणि तो स्वतः ऑफिसात त्याच्यावर काम करतो. मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग सूनबाईला घेऊन एसटीनं त्याच्याकडे गेलो. त्यानं कळा दाबल्या आणि डब्यातून एक माणूस इंग्रजीत बोलायला लागला, नाकातून, आणि घाई तर अशी की जणू ह्याची गाडी सुटत्येय.

"मला इंग्रजी येत नाय," मी म्हटलं.

"गप्पा कुठे मारायच्यात त्याच्याशी?" टेलिफोनवाला हसला. "शेजारीण परसात काय बोलत्येय ते शब्द न कळता पण तुम्हाला समजतं ना? तसंच. महिनाभरात समजेल."

मी पंधरा दिवसांत समजून घ्यायचं ठरवलं. दोन महिने लागले.

सूनबाईनं लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्या टेलिफोनवाल्यानं दिलेली सीडी तिनं बसवली. दुपारची भांडी झाली की माझ्या शेजारी पाट घेऊन बसायची.

"बाबा, हे दोन बारीक उंचवटे लागले बोटाला? एफ आणि जे."

"लागले. पुढे?"

"पुढे काय, बोटं तिथे ठेवायची. बाकीची अक्षरं आजूबाजूला राहतात."

"कोण कुठे राहतं ते सांग गो. रांगेनं सांग."

"रांगेनं नाहीत ती. एच्या शेजारी एस आहे."

"का?"

"मला काय ठाऊक? मी नाय बसवलेली."

ए, बी, सी मी वयाच्या सासष्टाव्या वर्षी शिकलो, तीही वेड्यावाकड्या रांगेनं. चुकलं की तो माणूस माझी चूक मोठ्यानं वाचून दाखवायचा. मी त्याला शिव्या द्यायचो. सूनबाई म्हणायची, "त्याला मराठी येत नाय, बाबा, फुकट घसा दुखवताय." संध्याकाळी मुलगा यायचा, दारात उभा राहून ऐकायचा आणि आत जायचा. तो हसत होता की नाही हे मला आजही माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

मुलानं कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या गाण्यांची नावं म्हणजे नुसते आकडे होते. मी त्यांना माझी नावं दिली. गाण्याचं खरं नाव लिहायचं तर स्पेलिंग यायला पाहिजे, आणि खऱ्या नावाचा मला उपयोग काय? मी कामावरून नावं ठेवली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच. पहाटेची सनई. पंगत एक, पंगत दोन. मामा नाचतो. भटजींना उशीर. विहीण रुसली, म्हणजे वरमाय रागावून बसली की हवा हलकी करायला लावायचं ते गाणं. तो परदेशी माणूस ही नावं वेडीवाकडी उच्चारायचा, पण मी त्याच्या तोंडची ओळखायला लागलो.

मग एका संध्याकाळी मुलाला म्हटलं, "पुढच्या लग्नाला मशीनवर मी बसतो."

"कसे बसणार?"

"बसतात तसा."

वाडीतल्याच एका घरी लग्न ठरलं होतं, वऱ्हाड दाभोळकडचं. मुलानं हातातली वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "ठीक आहे. एक लग्न पुरं करून दाखवा. पण कोणाचा हात लागता कामा नये. माझा नाय, हिचा नाय. मध्ये कोणाला बोलवायला लागलं तर त्यापुढे मशीनवर मी आणि तुम्ही पडवीत. पुन्हा हा विषय नको."

"लागला कोणाचा हात तर खुर्ची मीच उचलून आत कोपऱ्यात नेईन," मी म्हटलं.

ते म्हटलं आणि झोप गेली. आठ दिवस मी यादी करत होतो, मोडत होतो, पुन्हा करत होतो. एक गाणं वर सरकवलं की खालची पन्नास खाली जायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून सगळी ऐकत बसायचो. जेवायला हाक आली की "आलो" म्हणायचो आणि उठायचो नाही, आणि उठलो की खळ्यात फेऱ्या मारायचो आणि आत जाऊन एखादं गाणं पुन्हा हलवायचो. यादी अशी करायची होती की मांडवात कळेला हात कमीत कमी लावावा लागेल. पण लग्न काही यादीसारखं चालत नाही. वऱ्हाडाला उशीर होतो, भटजींना उशीर होतो.

सगळ्यात जास्त घोर होता वऱ्हाडाच्या वाटेचा. बस वर रस्त्याला थांबते. तिथून माणसं उतारानं साकवापर्यंत, म्हणजे छोट्या लाकडी पुलापर्यंत, येतात, व्हाळ ओलांडतात आणि मग पाखाडी चढून मांडवात. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दमछाक करणारी. एवढ्या वाटेत किती गाणी बसतात? मी सूनबाईला म्हटलं, चल, मोजू या. तिनं हातात घड्याळ घेतलं, मी काठी. मी तोंडानं गाणी म्हणत चढलो.

"तीन गाणी झाली," ती वर येऊन म्हणाली.

"मी मोकळा चढलो. त्यांच्याकडे ट्रंका असतील, शालू नेसलेल्या बायका असतील, दोन म्हातारी माणसं असतील."

"म्हातारी आपल्याकडे पण आहेत."

"मग पाच धर," मी म्हटलं. वऱ्हाड चढेपर्यंतची पाच गाणी. ती पाच मी यादीत अशी बसवली की पाचवं संपताना वरमाय उंबऱ्यात असेल.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळं सामान मांडवाच्या कडेला लावलं. कर्णा फणसावर बांधला. ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालणारा, जुना, माझ्याच हातचा. कॉम्प्युटर लाइटीवर. मुलानं वायरी जोडल्या आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "घ्या. झालं माझं." मी यादी उघडली आणि खालच्या बाणाची कळ दाबली.

फणसावरून तो परदेशी माणूस सबंध वाडीला म्हणाला, पहाटेची सनई.

चुलाणाकडच्या बायकांत हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "गोरा साहेब आला रे लग्नाला!" मी घाबरून दुसरी कळ दाबली तर त्यानं तीही वाचून दाखवली.

"बाबा," मुलगा हळू म्हणाला, "घरी छोटे स्पीकर होते. कॉम्प्युटरला भोक एकच. गाणं जातं तिथूनच ह्याचा आवाज पण जाणार."

दोन महिने तिघं त्याच घरात होतो, तिघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. सूनबाईनं विचारलं, "कानात घालायचं ते घेऊन येऊ का घरून? हेडफोन?" मी नको म्हटलं. हट्टानं नव्हे. कान बुजवले तर मांडवात काय चाललंय ते मला कळणार कसं? मला कान सोडून दुसरं होतं काय?

मी त्या माणसाला गप्प केलं. त्याची कळ मला ठाऊक होती. आता पडद्यावर काय आहे ते सांगणारं कोणी नव्हतं. पण यादी माझ्या डोक्यात होती, नव्वदच्या नव्वद, आणि पुढच्या गाण्याची कळ आणि थांबायची कळ एवढ्यावर चालणार होतं. मी मोजत होतो. सनई, मग दुसरी, मग देवाची तीन. कोणी चहा आणून दिला तो तसाच गार झाला. मोजता मोजता चहा पिणं मला जमत नव्हतं. मध्ये नवरीचा बापूस येऊन उगाच दोन शब्द बोलला तर मी त्याच्यावर वसकलो.

सव्वाअकराला निरोप आला, बस लागली. मुहूर्त साडेबाराचा. मी सात वेळा कळ दाबून पुढे गेलो आणि पाचातलं पहिलं बरोबर लागलं. बायकांची लगबग ऐकू आली. मुलगा पाण्याची पिंपं बघायला मागच्या बाजूला गेला. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि अर्ध्यात थांबलं.

लाइट गेली होती.

कर्ण्यातून नुसती बॅटरीची घरघर. चुलाणाकडचं बोलणं थांबलं. मी बसल्या जागी ऐकत होतो. खालून, साकवाच्या बाजूनं, वऱ्हाडाचा गलका येत होता, तो हळूहळू कमी झाला आणि बंद पडला.

नवरीचा बापूस धापा टाकत आला. "अहो, वाजवा कायतरी! ती माणसं साकवावर उभी राहिलीत. वरमाय म्हणत्येय, कर्णा थांबला, काय झालंय ते कळल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाय."

"लाइट गेलीय."

"मग माइकवरून सांगा."

"माइकवरून माणूस बोलायला लागला तर त्यांची खात्रीच पटेल की कोणीतरी गेलं," मी म्हटलं. ते खरंही होतं, आणि माइकवर मी बोललो असतो तर माझा आवाज कसा निघाला असता ते मला ठाऊक होतं.

"मग माणूस पाठवतो खाली." कोणीतरी पाखाडीनं धावत उतरलं. पण धावत येणारा माणूस बघून वरमाय अजून घाबरली म्हणे.

पाच मिनिटांनी लाइट आली. मी कॉम्प्युटर सुरू केला. तो जागा व्हायला किती वेळ घेतो हे मला एरवी कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. आतला पंखा फिरत होता आणि बाकी काही नाही. मागून मुलाची पावलं धावत आली.

"बाबा, सरा. मला पडदा दिसतोय. एका मिनिटात लावतो."

खरं होतं. तो एका मिनिटात लावू शकला असता. तेच जास्त लागलं.

"हात लावू नको."

"मुहूर्त जाईल त्यांचा!"

"हात लावू नको म्हटलं ना."

कॉम्प्युटर सुरू झाला की तो बोलणारा माणूस आपण होऊन सुरू व्हायचा, तसं टेलिफोनवाल्यानं करून दिलं होतं. माझा उजवा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर होता. ते पिळलं की कर्णा बंद, पण मग मलाही काही ऐकू येणार नाही आणि मुलाला बोलवावं लागणार. नाही पिळलं तर माझं सगळं आतलं, माझी नावं, माझी चाचपडणारी बोटं, फणसावरून साकवापर्यंत ऐकू जाणार. चाळीस वर्षं ज्या माणसानं कर्ण्यावरून कधी खरखर ऐकू दिली नाही, त्याची.

सूनबाई मागे उभी होती. "आवाज बारीक करू का, बाबा?" तिनं विचारलं, पण हात पुढे केला नाही.

"राहू दे," मी म्हटलं. बटण मी थोडं वरच केलं.

फणसावरून तो माणूस बोलायला लागला. आधी त्याचं इंग्रजीतलं रोजचं पाल्हाळ. मग मी यादी उघडली. ती पहिल्यापासून सुरू झालेली. मी खालचा बाण दाबत गेलो आणि तो प्रत्येक नाव सबंध वाडीला ऐकवत गेला. पहाटेची सनई. देवाचं एक. हळद लागली. मामा नाचतो. कोणीतरी फिस्सकन हसलं. भटजींना उशीर. भटजी माझ्या मागेच बसलेले, त्यांनी घसा खाकरला. विहीण रुसली. आता हसणं चुलाणापासून मांडवभर पसरलं. बोट मी थांबवलं नाही.

आणि मग खालून हसणं आलं. साकवावरून. आधी पोरीबाळींचं, मग बाप्यांचं. कोणीतरी बाप्या ओरडला, "अरे, चला, चला! मेलं कोण नाय, मशीन बिघडलंय त्यांचं!" पायांचा आवाज सुरू झाला, ट्रंकांच्या कड्यांचा, बांगड्यांचा. कर्णा बोलत होता ना. काय बोलतो त्याच्याशी कोणाला काय करायचं होतं?

तो माणूस म्हणाला, वऱ्हाड दोन. मी एंटर ठोकलं. गाणं लागलं.

वरमाय वर आली ती आधी मांडवात गेलीच नाही, सरळ माझ्या टेबलापाशी. दम लागलेला होता.

"विहीण रुसली असं कोणी लिहून ठेवलंय?"

"मी," मी म्हटलं. उठून उभा राहिलो.

"साकवावर उभी राहिले ते रुसून नाय. जीव घाबरा झाला म्हणून."

"होय."

"मग आता लावा की ते गाणं. कसलंय ते बघू तरी."

यादी मोडून मी ते लावलं. बाकीचं सगळं बिघडलं त्यामुळे. पाचाची रचना गेली, मंगलाष्टकांच्या आधीचं एक गाणं राहून गेलं, पंगतीला मी एक वर-खाली केलं, आणि नवरी निघताना कळ दाबायला मला अंमळ उशीर झाला. कोणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. अजून आठवलं की खुर्चीत बसवत नाही. पण मध्ये कोणाचा हात लागला नाही. एकदा मुलानं वायर सरळ केली, ती माझ्या पायात येत होती म्हणून. तो हात मी धरत नाही. त्यानंही धरला नाही.

संध्याकाळी टेम्पोत सामान चढवलं. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. मागे कर्णा खडखडत होता. मी बोटांनी दाराच्या पत्र्यावर वाजवत राहिलो. शेवटी तोच म्हणाला,

"गुरुवारी सत्यनारायण आहे खालच्या वाडीत. पूजा दहाला. साडेनवाला तयार राहा."

"नऊला," मी म्हटलं.